बाधा बाहेरची की आतली?

राधानगरी धरण भरलं की दरवाजे उघडायला माणूस लागत नाही. पाण्याचा दाब वाढला की सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडतात. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत सुटतं आणि खाली कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारू लागतात. शाहू महाराजांच्या पुढाकारानं फेजिवड्याजवळ हे धरण आकार घेत होतं, त्याच सुमारास, १९०९ मध्ये, अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड मनाविषयी असंच काहीसं सांगत होता. दडपलेली इच्छा नाहीशी होत नाही. ती तुंबते आणि स्वप्नातून, बोलण्यातल्या चुकीतून, कधी शरीराच्या आजारातून वाट काढते.

राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर अशा दुखण्यांना जुनी नावं आहेत: लागीर, करणी, बाहेरची बाधा. अंगात आलेल्या बाईच्या तोंडून, एरवी घरात कुणी ऐकून घेणार नाही असं बरंच काही बाहेर पडतं. सासू-दीर हात जोडून ऐकतात, कारण बोलते ती देवी. देवऋषी दोष बाहेरच्याच्या माथी मारतो. रोगी सुटतो, आळ मात्र कधी एखाद्या शेजारणीवर येतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागे असल्याच अघोरी प्रकारांचा इतिहास आहे. फ्रॉइडनं बाहेरचा कुणी शिल्लकच ठेवला नाही. ‘ती इच्छा तुझीच’, असं तो म्हणाला. त्याच्या या मनोविश्लेषणाला झालेल्या विरोधाचं एक मूळ इथं आहे.

मनोविश्लेषणाची सुरुवात फ्रॉइडपासून झाली नव्हती. १८८० साली व्हिएन्नात डॉ. योसेफ ब्रॉयर एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करू लागला. ग्रंथात तिचं नाव ‘अ‍ॅना ओ.’, खरं नाव बर्था पापेनहाइम. ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईना. पेला ओठांना लागला की ती तो दूर लोटायची. सुमारे सहा आठवडे तिनं टरबुजासारख्या फळांवर काढले. एक दिवस संमोहनात ती बोलली. तिच्या सोबतीला असलेल्या इंग्रज बाईचं कुत्रं पेल्यातून पाणी पिताना तिनं पाहिलं होतं. किळस आली, पण सभ्यपणापायी ती गप्प बसली होती. साठलेला राग बोलून टाकल्यावर तिनं पाणी मागितलं आणि जागी झाली तेव्हा पेला ओठांशी होता. हा ‘बोलण्याचा उपचार’, असं नाव तिनंच ठेवलं. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइडनं ही हकिगत छापली. उपचारानंतरही तिला आरोग्यधामात राहावं लागलं होतं, हे मात्र त्यात नव्हतं.

२१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नातल्या डॉक्टरांसमोर फ्रॉइडनं दावा केला, की उन्मादाच्या आपल्या अठराही रुग्णांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाले होते. अध्यक्षस्थानी क्राफ्ट-एबिंग होता. लैंगिक विकृतींवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा, म्हणजे लाजणारा खचितच नव्हे. ही शास्त्रीय परीकथा वाटते, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी फ्रॉइडनं स्वतःच तो सिद्धांत सोडला. स्वप्नांवरच्या त्याच्या ग्रंथाच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली. १९१० मध्ये हॅम्बुर्गला डॉक्टरांच्या बैठकीत एका प्राध्यापकानं फ्रॉइडचे सिद्धांत हा विषय पोलिसांचा असल्याचं सुनावलं. या विरोधात सोवळेपणा होता, तशी रास्त शंकाही होती: बंद खोलीतला पुरावा तपासायचा कुणी?

भारतात आणखी एक पेच होता. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी दडपणुकीच्या संकल्पनेवर प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था काढली. एका चित्रकारानं निव्वळ कल्पनेनं काढलेलं फ्रॉइडचं चित्र त्यांनी व्हिएन्नाला धाडलं. त्यात आपण अगदी इंग्रज दिसतो, असं फ्रॉइडला वाटलं. इकडे रांचीच्या वेड्यांच्या इस्पितळातला इंग्रज अधिकारी बर्कली-हिल हीच विद्या वापरून हिंदूंच्या धर्माचं आणि स्वभावाचं मूळ मलविसर्जनाशी निगडित वासनेत शोधत होता. स्वतःकडे वळवायचा आरसा राज्यकर्त्यानं रयतेवर रोखला होता. बोस यांनी विद्या टाकली नाही आणि मानही तुकवली नाही. प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छाही असते, हा स्वतःचा सिद्धांत त्यांनी पत्रांतून फ्रॉइडपुढे ठामपणे मांडला.

मराठीत भांडण त्याही आधीच्या पायरीवर अडलं. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचक आपल्या लैंगिक शंका पत्रानं विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं छापत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले. लैंगिक विषयावरचं लेखन तेवढ्यानंच अश्लील ठरत नाही, गैरसमज ज्ञानानंच जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोर्टानं कर्व्यांना २०० रुपये दंड केला. फ्रॉइड बरोबर की चूक, हा वाद मुंबईच्या कोर्टात उद्भवलाच नाही. मनातलं विचारणं हाच गुन्हा ठरला.

हे तिन्ही विरोध एकाच मापानं मोजता येत नाहीत. पुरावा मागणारे व्हिएन्नाचे डॉक्टर बऱ्याच अंशी बरोबर होते. बोस यांचा बाणा पूर्णपणे रास्त होता. मुंबईच्या निकालाचं समर्थन मात्र करता येत नाही, कारण त्यानं उत्तर खोडलं नाही, प्रश्नालाच दंड केला. फ्रॉइडचे कितीतरी सिद्धांत आज मोडीत निघाले आहेत. माणसाला पूर्ण बोलू द्यावं, ही अ‍ॅना ओ.नं दाखवलेली गोष्ट टिकली. अंगात येणं थांबवायचं, तर देवऋष्याला कायद्याचा धाक पुरेल. पण त्या बाईला देवी न होताही बोलता येईल, अशी जागा आधी तिच्या घरात हवी.