प्रत्यारोपण केंद्रांची तुलना : निव्वळ टक्केवारी पुरेशी नाही

मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांच्या प्रत्यारोपणाचे यश शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही. रुग्ण पुढे किती वर्षे जगला आणि नवा अवयव किती काळ कार्यक्षम राहिला, हाच त्याचा खरा निकष होय. अमेरिकेत १९८४ च्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अशा रुग्णांची नोंदवही ठेवली जाते व केंद्रवार निष्कर्ष दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. ही तुलना न्याय्य व्हावी यासाठी संख्याशास्त्राचे साहाय्य घ्यावे लागते.

पहिली अडचण कालावधीची. काहींची शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वी, तर काहींची गतवर्षी झालेली असते. काहींची माहिती मध्येच खंडित होते. काप्लान व मायर यांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत असे रुग्ण वगळले जात नाहीत. ज्या काळापर्यंत त्यांची माहिती उपलब्ध असते, तेवढ्या काळापुरते ते हिशेबात धरले जातात.

दुसरी अडचण रुग्णांमधील भिन्नतेची. वय, मधुमेह, अवयवाची स्थिती यांनुसार जोखीम बदलते. डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ च्या पद्धतीने या प्रत्येक घटकाचा प्रभाव मोजता येतो व त्यावरून केंद्राचे अपेक्षित मृत्यू काढता येतात. समजा, एका केंद्रात १४ मृत्यू अपेक्षित असता १० झाले आणि दुसऱ्यात ४ अपेक्षित असता ६ झाले. मृत्यू अधिक असूनही पहिल्याचे गुणोत्तर ०.७१, तर दुसऱ्याचे १.५ येते. अर्थात, पहिल्या केंद्राची कामगिरी सरस दिसते. तथापि, संख्या लहान असल्यास असा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून गुणोत्तरासोबत त्याची संभाव्य मर्यादाही देणे आवश्यक ठरते.

अशा आकड्यांचा वापरही जपून करावा लागतो. अमेरिकी शासनाने २००७ साली केंद्रांची मान्यता या निष्कर्षांशी जोडली. त्यामुळे केंद्रे जोखमीचे रुग्ण व अवयव नाकारू लागतील, अशी चिंता व्यक्त झाली आणि २०१९ साली मान्यतेच्या नूतनीकरणासाठीची ही अट रद्द करण्यात आली.

भारतातही २०११ च्या कायदादुरुस्तीने राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे. रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा आणि अचूक नोंद, हाच अशा तुलनेचा पाया होय.