बॉक्सवरचा फोर-के आणि घाटातला पाऊस

वैभववाडी सोडून करूळ घाट चढायला लागलं की गगनबावड्यापर्यंत वळणांचीच सोबत. हंगामात उसाने भरलेले ट्रक हाच घाट चढून गगनबावड्याकडच्या कारखान्याकडे जातात. अशाच एखाद्या ट्रकमागे छोटी कार आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. चढावरच्या वळणावर ट्रक थांबतो, ड्रायव्हर गिअर टाकतो आणि तेवढ्यात ट्रक दोन हात मागे सरकतो. कारचं बॉनेट चेपतं. माणसं जमतात आणि सगळ्यांचा निकाल एकच: मागच्याने ठोकलं! ट्रक मागे आला की कार पुढे गेली, हे चेपलेला पत्रा सांगत नाही. काचेवरचा कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम, ते पाच सेकंदांत दाखवतो.

कोल्हापूर आणि तळेरे यांना जोडणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६६-जी. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला, तो वर्षभराहून जास्त काळ. त्या काळात गाड्या भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळल्या. खाली तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग. गणपतीत आणि मे महिन्यात तिथे चाकरमान्यांची रीघ. इथल्या गाडीमालकाला डॅशकॅम घ्यावासा वाटला, तर ती चैन म्हणता येणार नाही. एका लेन्सचा बरा कॅमेरा साधारण तीन ते पाच हजारांत मिळतो. अडचण आहे ती त्याच्याबद्दलच्या ऐकीव माहितीची. त्यापायी पैसे भलत्याच गोष्टीवर जातात आणि नेमक्या त्या दिवशी कार्डात काहीच सापडत नाही.

गैरसमज : डॅशकॅम लावणं बेकायदा आहे

मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत खासगी गाडीत डॅशकॅम लावायला मनाई नाही. ड्रायव्हरची नजर अडेल असा तो बसवू नये, एवढं साधं पथ्य. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माणसाने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही.

मात्र कार्डात ठेवणं वेगळं आणि कुणाचा चेहरा, नंबर दाखवत ‘बघा हा कसा चालवतो’ म्हणून सोशल मीडियावर टाकणं वेगळं. तिथे बदनामीचा प्रश्न येऊ शकतो. भाड्याच्या गाडीत आतल्या बाजूचा कॅमेरा असेल, आवाजही टिपला जात असेल, तर प्रवाशांना तसं आधी सांगावं.

गैरसमज : बॉक्सवर ‘फोर-के’ लिहिलंय, म्हणजे नंबर दिसणारच

इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. कारच्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची लांबी ५०० मिलिमीटर. फुल एचडी चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं असतं. ते १४० अंशांच्या लेन्समध्ये पसरलं की एका अंशाच्या वाट्याला चौदाएक ठिपके येतात. दहा मीटर पुढच्या गाडीची प्लेट जेमतेम तीन अंश व्यापते. म्हणजे तिला मिळतात चाळीसेक ठिपके. तेवढ्यात ‘एमएच ०७’ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा अक्षरं-आकडे बसवायचे. प्रत्येकाला चार ठिपके! तीन आहे की आठ, हे त्यात ओळखू येत नाही. गाडी पाच मीटरवर आली की ठिपके दुप्पट होतात आणि नंबर कसाबसा वाचता येतो.

खऱ्या फोर-के चित्रात आडवे ३८४० ठिपके असतात. त्यामुळे फुल एचडीला जे पाच मीटरवर दिसतं, ते फोर-केला दहा मीटरवर. फायदा आहे, पण तो इतकाच. आणि लेन्स १४० ऐवजी १७० अंशांची घेतली, की तेच ठिपके आणखी विरळ पसरतात. ‘जास्त अंश म्हणजे जास्त चांगला’ हाही त्याच माळेतला मणी.

शिवाय ‘फोर-के’ खरा आहे का, हे सेन्सरच्या नावावरून तपासता येतं. फोर-के चित्राला सुमारे ८३ लाख ठिपके लागतात. सोनीचा आयएमएक्स ३३५ हा लोकप्रिय सेन्सर सुमारे ५० लाखांचा, तर आयएमएक्स ४१५ हा सुमारे ८४ लाखांचा. पहिला सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या बॉक्सवर फोर-के छापलं असेल, तर उरलेले ठिपके सॉफ्टवेअरने मधे भरलेले असतात. फाइल फुगते, नंबर काही स्पष्ट होत नाही. सेन्सरचं नावच दिलेलं नसेल, तर तो बॉक्स परत फळीवर ठेवावा.

रात्रीचा हिशेब आणखी वेगळा. अंधारात पुरेसा उजेड मिळावा म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत शटर उघडं ठेवतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात ५५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे प्लेटच्या लांबीहून जास्त. त्यातून पाऊस आणि समोरच्याचे अप्पर दिवे. कितीही ठिपके असले तरी अशा वेळी नंबर फरफटलेलाच दिसतो. यावर फुकटचा उपाय आहे: कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवावा आणि दिसलेला नंबर तिथल्या तिथे मोठ्याने म्हणावा. चित्रात पुसट असलेला आकडा आवाजात सापडतो.

थोडक्यात, तुटपुंज्या बजेटमध्ये नाममात्र फोर-केपेक्षा चांगल्या सेन्सरचा टू-के किंवा फुल एचडी कॅमेरा उजवा.

गैरसमज : जुन्या मोबाइलमधलं कार्ड चालून जातं

चालतं, आणि एक दिवस गुपचूप बंद पडतं. डॅशकॅम एक-दोन-तीन मिनिटांच्या फायली बनवत राहतो आणि कार्ड भरलं की सर्वांत जुनी पुसून त्या जागी नवी लिहितो. मोबाइलमधल्या कार्डावर महिन्यातून चार फोटो पडतात. इथे गाडी सुरू असेपर्यंत अखंड लिहिणं-पुसणं. या कामासाठी ‘हाय एंड्युरन्स’ नावाने वेगळी कार्डं मिळतात. काही कंपन्यांच्या साध्या कार्डांच्या वॉरंटीत तर डॅशकॅमचा वापर सरळ वगळलेला असतो. कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्यावं. नकली कार्डांचा बाजार मोठा आहे.

किती मावतं? टू-के कॅमेरा सेकंदाला २० मेगाबिट या दराने लिहीत असेल, तर तासाला ९ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात सात तास. रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याची सोमवारची घटना शुक्रवारी शोधली, तर ती पुसली गेलेली असते. धक्का बसल्यावर कॅमेरा त्या वेळची फाइल आपोआप राखून ठेवतो खरा; पण तुम्हाला न लागता समोर घडलेल्या अपघाताचा धक्का त्याला कसा कळणार? तिथे राखून ठेवायचं बटण स्वतःच दाबावं लागतं. आणि हा धक्कामापक फार संवेदनशील ठेवला, तर खड्ड्यागणिक फाइल राखली जाते आणि कार्ड भलत्याच फायलींनी भरतं. आपल्या रस्त्यांवर तो ‘लो’वरच बरा.

महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

गैरसमज : घाटात रेंज नाही, मग जीपीएस तरी कसं चालणार?

जीपीएस उपग्रहांकडून येतं, त्याला मोबाइलच्या टॉवरची गरज नाही. रेंज लागते ती सिमकार्डवाल्या, ‘लाइव्ह’ चित्र मोबाइलवर पाठवणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यांना, आणि ती सोय घाटात नेमकी निकामी ठरते. रेकॉर्डिंग कार्डावर होतं. मोबाइलवर क्लिप घ्यायची, तर कॅमेरा स्वतःचं वाय-फाय देतो. स्वस्त कॅमेऱ्यांतली ‘लेन सुटली’ म्हणून टुणटुणणारी सोयही घाटात डोकेदुखीच. रस्त्यावरचे पट्टे पुसलेले, वळणं सलग. ती बंदच ठेवावी.

जीपीएसचा खरा उपयोग तारीख-वेळ अचूक राहण्याला. ते नसेल, तर घड्याळ अधूनमधून हाताने जुळवावं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा तिथल्या गाड्यांतल्या डॅशकॅमच्या चित्रीकरणावरून शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग काढला. त्यासाठी त्यांना त्याच जागांवरून दिसणाऱ्या ताऱ्यांशी चित्रं ताडून पाहावी लागली होती. अपघाताच्या दाव्यात कुणी तारे बघायला जात नाही. कोपऱ्यातली वेळ चुकीची दिसली की आधी त्यावरच बोट ठेवलं जातं.

गैरसमज : गाडी उभी असतानाही कॅमेरा जागाच असतो

बहुतेक गाड्यांत चावी काढली की चार्जरच्या सॉकेटचा वीजपुरवठा तुटतो आणि कॅमेराही झोपतो. पार्किंगमध्ये राखण हवी, तर फ्यूजबॉक्समधून वेगळी जोडणी लागते. कॅमेरा ०.३ अँपिअर खात असेल, तर दहा तासांच्या रात्रीत ३ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ते सोसते. पण मालक मुंबईला आणि गाडी गावी खळ्यात दहा दिवस उभी, असं झालं तर ७२ अँपिअर-तास लागतील. परत आल्यावर गाडी ढकलायला शेजारी बोलवावे लागतील. म्हणून ठरावीक व्होल्टेजखाली स्वतःहून बंद होणारीच किट घ्यावी आणि वायर न कापता, फ्यूजला टॅप लावून जोडणी करून घ्यावी. वायर कापली, तर गाडीच्या वॉरंटीचा वाद उभा राहतो.

याच संदर्भात एक शब्द लक्षात ठेवावा: सुपरकपॅसिटर. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेशी तापमान इतकं चढतं की लिथियम बॅटरीवाले कॅमेरे फुगतात. सुपरकपॅसिटर उष्णता जास्त सोसतो आणि वीज तुटल्यावर शेवटची फाइल नीट बंद होईल एवढी ऊर्जा राखतो.

गैरसमज : काचेवर कुठेही चिकटवला तरी चित्र तेच

पावसाळ्यात हा भ्रम पहिल्या आठवड्यातच फिटतो. वायपरचं पातं जिथवर पोहोचतं, तेवढ्याच काचेमागे कॅमेरा हवा. आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, ही सोयीची जागा. काचेच्या वरच्या कडेच्या काळ्या ठिपक्यांवर टेप धरत नाही. गाडीचा स्वतःचा पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा तिथे असेल, तर त्याच्यापासून दूर. काच स्पिरिटने पुसून, कोरडी करून मगच चिकटवावा. चित्रात क्षितिज साधारण मध्यावर आणि खाली बॉनेटची बारीक कड दिसली पाहिजे. आकाश जास्त आलं, की रस्ता काळा पडतो.

वायर छताच्या अस्तरात दाबून, कडेच्या खांबावरून खाली उतरवायची. ज्या गाड्यांना पडद्याच्या एअरबॅग आहेत, त्यांच्या या खांबातच किंवा वर एअरबॅग असते. वायर तिच्यावरून गेली, तर ती उघडताना आड येते. इथे गॅरेजवाल्याला चार पैसे देणं शहाणपणाचं.

आणि डॅशबोर्ड! त्यावरचं पांढरं फडकं, चकाकणारी गणपतीची मूर्ती, सगळं काचेत उमटतं आणि रस्त्यावर पांढरट सावलीसारखं चित्रात येतं. आरशाला लटकवलेली माळ तर दर वळणाला लेन्ससमोरून झुलते. मूर्ती थोडी बाजूला सरकवावी, फडकं गडद रंगाचं घालावं, तेवढं पुरतं.

गैरसमज : क्लिप मोबाइलवर दाखवली की काम झालं

या समजाला उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दिलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत भरला गेला होता का, यावरून त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल कोर्टात गेले आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुराव्यात आलं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरणच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर ते लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. क्लिप कापली, गाणं घातलं, व्हॉट्सॲपवरून आकसून पुढे पाठवली, की अंगठा बदलला.

म्हणून अपघातानंतर कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून ठेवावं आणि त्यावर पुढे काहीही लिहू देऊ नये. स्वतःसाठी लॅपटॉपवर पूर्ण फाइलची प्रत घ्यावी. पोलिसांना मूळ कार्ड द्यायचं, तर पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यावी.

हे सगळं कुणासाठी? पुष्कळदा दुसऱ्यासाठीसुद्धा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. वाहनाचा नंबर मिळाला, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उत्पन्न, वय, अवलंबून असलेली माणसं पाहून पूर्ण भरपाई मागता येते. मागून येणाऱ्या अनोळखी गाडीतला कॅमेरा एखाद्या घराला एवढा उपयोगी पडू शकतो.

गैरसमज : विम्याचा हप्ता कमी होतो

आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या चोरीविरोधी यंत्राला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सूट आहे, डॅशकॅम त्यात बसत नाही. आणि तो मालकाचीही गय करत नाही. चूक तुमची असेल, तर वेगाच्या आकड्यासकट तीच नोंद होते.

बजेट पाच-सहा हजारांचं असेल, तर वाटणी अशी करावी: सेन्सरचं नाव सांगणारा, सुपरकपॅसिटरचा एका लेन्सचा कॅमेरा, हजार-दीड हजारांचं हाय एंड्युरन्स कार्ड आणि उरलेलं बसवण्याच्या मजुरीला. मागचा कॅमेरा पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.

ज्यांच्या गाडीत तो आधीच बसलेला आहे, त्यांनी आज घरी पोहोचल्यावर एवढंच करावं: कार्ड काढून कालची एखादी फाइल उघडावी, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का, पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, ते पाहावं.