काट्याने काटा, पाण्यातला

कोळंबीच्या हॅचरीत रात्री दिवे मालवल्यावर टाकीतले पाणी आपोआप निळसर-हिरवे उजळू लागले, तर पाहुण्याला ते दृश्य मोठे देखणे वाटेल. हॅचरीवाल्याच्या मात्र पोटात गोळा येतो. हा उजेड 'व्हिब्रिओ हार्वेयी' नावाच्या जिवाणूचा. इवल्याशा पिल्लांच्या अंगात तो शिरला की बघता बघता टाकीच्या टाकी मरून तळाला बसते. कोकणातल्या खाडीकाठच्या तळ्यांत सोडले जाणारे बीज अशाच हॅचऱ्यांतून येते, म्हणजे तिथला घाटा इथपर्यंत पोचतो.

यावर आजवरचा उपाय प्रतिजैविकांचा. पण पाण्यात ओतलेले औषध एकट्या रोग्याला थोडेच मिळते? ते साऱ्या टाकीला मिळते, चांगल्या जिवाणूंनाही. त्यातून जे रोगजंतू तगतात, ते पुढच्या खेपेला औषधाला दाद देत नाहीत. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान यांचा अंश कोळंबीत सापडला, की युरोपात माल नाकारला जातो.

मग दुसरा वैद्य कोण? तो त्याच पाण्यात राहतो. त्याचे नाव बॅक्टेरिओफेज, थोडक्यात फेज. हा जिवाणूंनाच लागण करणारा विषाणू. नावाचा अर्थ 'जिवाणू खाणारा', पण खरे तर तो खात नाही. जिवाणूच्या अंगावर चिकटतो, आपला जनुकीय ऐवज आत सोडतो आणि त्याच्याच घरात आपल्या शेकडो प्रती तयार करवून घेतो. शेवटी जिवाणू फुटतो आणि ती फौज पुढच्या सावजाकडे निघते. माशाला वा माणसाला फेजची लागण होत नाही. जिवाणू संपले की त्यांची वाढही थांबते. वापरता वापरता वाढणारे आणि काम संपल्यावर ओसरणारे औषध दुसरे कोणते आहे?

फेजचा शोध १९१५ साली फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली फेलिक्स देरेल यांनी स्वतंत्रपणे लावला. त्याआधी, १८९६ साली, आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो, असे लिहून ठेवले होते. ती फेजचीच करामत होती का, याबद्दल मतभेद आहेत. पुढे प्रतिजैविके आली आणि पाश्चात्त्य जग फेजला विसरले. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या संस्थेने मात्र ही विद्या जपली.

माशांवरचे नाव घेण्याजोगे काम जपानचे. तिथे 'आयू' नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाला स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूचा रोग होतो. पार्क, नाकाई आणि सहकाऱ्यांनी खाद्यात फेज मिसळून रोगलागण केलेल्या माशांना चारले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात साध्या खाद्यावरचे ६५ टक्के मासे मेले, फेजवाले २२.५ टक्के. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद : फेजला दाद न देणारे जे जिवाणू उरले, त्यांची रोग पसरवण्याची ताकदच घटलेली होती. फेजपासून वाचायला जिवाणूला आपली नखे द्यावी लागली म्हणा ना!

आपल्याकडे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्याच्या पाण्यातूनच हार्वेयीचे फेज वेगळे काढले. २००६ आणि २००७ सालच्या त्यांच्या निबंधांनुसार हॅचरीतल्या चाचण्यांत प्रतिजैविकांपेक्षा फेजच्या टाकीत पिल्ले अधिक वाचली.

इतके सोपे, तर बाटलीत भरून विकायला हरकत काय? हरकत आहे. फेज फार चोखंदळ असतो. एकाच जातीच्या जिवाणूचा एक वाण तो मारेल, शेजारचा सोडून देईल. म्हणून एका ठिकाणचे फेज दुसरीकडे लागू पडतीलच असे नाही, आणि बरेचदा तीन-चार प्रकारांचे मिश्रण करावे लागते. काही फेज तर दगाबाज निघतात : जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसतात आणि क्वचित त्याला अधिक विषारी करतात. असले फेज आधीच चाळून काढावे लागतात.

म्हणजे औषध निवडण्याआधी रोगजंतू ओळखायला हवा. मासे मरू लागले की दुकानदाराच्या सल्ल्याने डबा आणायचा, या सवयीत ते बसत नाही. त्यासाठी आजारी मासा त्याच दिवशी पोचेल इतकी जवळ प्रयोगशाळा हवी, आणि तिच्या शीतकपाटात त्या भागातल्या पाण्यांतून जमवलेले फेज तयार हवेत.