स्मरणशील धातूचा शीण

मेरिलँडमधील व्हाइट ओक येथे अमेरिकन नौदलाची जी आयुध-प्रयोगशाळा होती, तेथे विल्यम ब्यूलर यांनी निकेल व टायटॅनियम यांच्या संयोगातून सिद्ध केलेल्या धातूची एक घड्या घातलेली पट्टी वरिष्ठांच्या बैठकीत हातोहात फिरत असता, डेव्हिड मझी नामक अधिकाऱ्याने पाइप पेटवण्याच्या लायटरची ज्योत तिला सहज लावून पाहिली आणि पट्टी सर्वांच्या देखत उलगडून सरळ झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गमावलेला आकार परत घेणारा हा निटिनॉल शिणतच नसावा, असा ग्रह तिच्यामुळे होतो. तो निराधार आहे.

ऑस्टेनाइट ही त्याची घनाकृती स्फटिकरचना भाराखाली मार्टेन्साइट या तिरकस रचनेत पालटते व भार उतरताच पूर्ववत होते. म्हणून साधे पोलाद एक टक्का ताणण्यापूर्वीच कायमचे वाकते, तेथे निटिनॉल सुमारे ८ टक्के ताण सोसून मूळपदावर येतो. मात्र दर फेरीला अणूंच्या ओळींत थोडी अव्यवस्था शिल्लक राहते आणि ती साचत जाऊन अखेर तडा सुटतो.

या विषयाचे मर्म मला एका प्रश्नात दिसते. तड्याच्या टोकाशी प्रतिबल सर्वाधिक, म्हणजे रूपांतरही तेथेच व्हावयाचे. मग ते तड्याला अडवीत का नाही? झिर्कोनियाच्या सिरॅमिकमध्ये अशाच रूपांतराने आकारमान सुमारे ४ टक्के वाढते आणि फुगलेला भाग तड्याच्या दोन्ही कडा दाबून धरतो. निटिनॉलचे आकारमान उलट किंचित घटते, आणि जाड तुकड्याच्या अंतर्भागात टोकाभोवती तिन्ही दिशांनी ओढ बसत असल्याने हे आकसणारे रूपांतर दडपले जाते. बर्कलीचे मॅकेल्वी व रिची यांच्या प्रयोगांत शरीरात बसवावयाच्या इतर धातूंच्या मानाने निटिनॉलमधला तडा अल्प भारावरच चालू लागलेला आढळला. मूळचाच मार्टेन्साइट असलेल्या नमुन्यात तो ऑस्टेनाइटपेक्षा सावकाश वाढला.

हृदय वर्षाला सुमारे ४ कोटी ठोके देते, म्हणून स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवण्यासाठी तीत बसवावयाच्या निटिनॉलच्या जाळीदार नळीची, परीक्षा १० वर्षांच्या, अर्थात ४० कोटी आवर्तनांच्या हिशेबाने घेतात. मांडीच्या धमनीत त्यावर चालण्याचे वाकणे-पिळणे येते; २००५ साली लाइपझिगच्या वैद्यांनी तपासलेल्या १२१ पायांपैकी ४५ पायांत स्टेंट मोडलेले निघाले. स्टेंटच्या काड्या इतक्या बारीक की तडा एकदा सुटला म्हणजे त्याला चालावयास अंतर उरतच नाही. सारी मदार तो सुटू न देण्यावर, म्हणजे धातूतले टायटॅनियम कार्बाइडचे कण बारीक ठेवण्यावर आणि पृष्ठभाग गुळगुळीत करण्यावर.

दाताच्या मुळाची सफाई करवून घेत असता आमच्या दंतवैद्यांनी निटिनॉलची एक कानस केराच्या डब्यात टाकली. ‘डॉक्टर, ती तर नव्यासारखी सरळ दिसते,’ मी म्हणालो. ‘म्हणूनच टाकली,’ ते उत्तरले. पोलादी कानस वाकून, पिळा सुटून आधी वर्दी देते. ही आकार सावरून झीज झाकते, आणि वाकड्या मुळात फिरता फिरता अकस्मात तुटते.

२०१५ साली जर्मनीतील कील येथील संशोधकांनी तांबे व कोबाल्ट मिसळलेला असा धातू १ कोटी आवर्तनांपर्यंत टिकवून दाखविला. पण ती पातळ फीत होती, तार नव्हे.