तक्त्यात हरवणारा रुग्ण

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. कात्रपसारख्या वाढत्या वस्तीत सहा महिन्यांत पुष्कळ काही बदलते. भाड्याचे घर बदलते, मोबाइल नंबर बदलतो, मधेच कुणी महिनाभर गावी जातो. निदान बदलापुरात, एक्स-रे उल्हासनगरात, नोकरी अंबरनाथला, असेही होते. गोळ्या मधेच सुटल्या तर आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाची नोंद कशी ठेवायची, हा केवळ कारकुनी प्रश्न नाही; तो उपचाराचाच भाग आहे.

अनेक छोटे दवाखाने आणि शिबिरे भरवणाऱ्या संस्था नोंदी एक्सेलमध्ये ठेवतात. त्यात गैर काही नाही. शिबिरात किती जणांची साखर तपासली, महिन्याला किती हातमोजे लागले, अशा हिशेबाला एक्सेलइतके सोपे साधन नाही. अडचण येते ती एकाच माणसाचा माग महिनोन्महिने ठेवताना.

एक्सेल म्हणजे आखलेला मोठा कागद. कुठल्या चौकटीत काय लिहावे, याला तो सहसा हरकत घेत नाही. एकाच बाईचे नाव तीन प्रकारे लिहिले, की कागदावर तीन बायका होतात. ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते. सोळा आकडी बँक खाते क्रमांक साध्या संख्येसारखा टाकला, तर पहिले १५ आकडेच टिकतात आणि शेवटी शून्य बसते. निक्षय पोषण योजनेचे पैसे, सध्या महिना १,००० रुपये, थेट रुग्णाच्या खात्यात जमा होतात. तिथे एक आकडा चुकला, की पोषणाचे पैसे अडकतात.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये १५,८४१ करोनाबाधित रोजच्या आकडेवारीतून गळाले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या नोंदी आल्याच नाहीत. बाधितांना निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

डेटाबेसची रचना वेगळी असते. रुग्णाची माहिती एकदाच, एका जागी. त्याच्या भेटी, तपासण्या, गोळ्या वेगळ्या तक्त्यांत आणि या सगळ्यांना जोडणारा एक क्रमांक. पत्ता बदलला तर एकदाच दुरुस्त करायचा. तारखेच्या रकान्यात तारीखच लिहिता येते. कोणी, केव्हा बदल केला याची नोंद ठेवता येते, कुणाला काय दिसावे हेही ठरवता येते. क्षयरोगासाठी २०१२ मध्ये सुरू झालेली देशव्यापी ‘निक्षय’ प्रणाली याच तत्त्वावर चालते. रुग्ण बदलापूर सोडून साताऱ्याला गेला, तरी त्याची नोंद तिथल्या केंद्राकडे वर्ग करता येते. खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे देणे २०१२ पासून बंधनकारक आहे.

मग निवड कशी करावी? स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. एकाच माणसाच्या किंवा कामाच्या नोंदी पुन्हा पुन्हा होणार आहेत का? त्या एकाहून अधिक हातांनी भरल्या जाणार आहेत का? एक ओळ हरवली तर कुणाचे नुकसान होईल का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर एक्सेल पुरे. दोनांचे ‘होय’ असेल, तर डेटाबेसकडे वळावे. तिसऱ्याचे ‘होय’ असेल, तर ते एकटेच पुरेसे आहे. कात्रपमधल्या छोट्या कारखानदाराला किंवा कंत्राटदाराला कामांचा माग ठेवतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतील.

तोवर एक्सेलच वापरायचे असेल, तर प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्यावा, एका ओळीत एकच भेट लिहावी, फोन व खाते क्रमांकाचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत आणि रुग्णांची यादी व्हॉट्सॲपवर फिरवू नये.

डेटाबेस घेतला म्हणजे काम संपले असेही नाही. गोळ्या न्यायला न आलेल्यांची नावे तो दाखवील. त्यांना फोन आपल्यालाच करावा लागतो.