भाड्याच्या घराची बाहेरची भिंत

इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी बघायला गेलो की आपण काय बघतो? स्टेशन किती लांब, शाळा कुठली, भाडं किती येईल, स्वयंपाकघर नवं आहे का. मीही माझ्या एक्सेल शीटमध्ये व्याजदरापासून कौन्सिल रेट्सपर्यंत सगळं मांडायचो. फक्त एक रकाना नसायचा: बाहेरची भिंत कशाची आहे? आज त्याच रकान्याबद्दल बोलू.

सुरुवात मेलबर्नच्या डॉकलंड्सपासून. 25 नोव्हेंबर 2014च्या पहाटे तिथल्या लॅक्रॉस इमारतीत आठव्या मजल्याच्या बाल्कनीत एक सिगारेट नीट विझली नाही. त्यातून लागलेली आग बाहेरच्या भिंतीवरून थेट 21व्या मजल्यापर्यंत चढली, तीही जेमतेम पाव तासात. चारशेहून जास्त लोकांना बाहेर काढावं लागलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. 2017मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला हे भाग्य लाभलं नाही. तिथे 72 माणसं गेली.

दोन्हीकडे आग पसरवण्यात मोठा वाटा होता अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचा. हे पॅनेल म्हणजे सँडविच: दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मध्ये गाभा. गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा असेल, तर तो वितळतो, पेटतो आणि पेटते थेंब खाली टाकतो. त्यात पॅनेल आणि मूळ भिंत यांच्यामध्ये पोकळी असेल, तर ती धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. गाभा खनिजांचा असेल, तर हा धोका खूपच कमी होतो. पण बाहेरून दोन्ही पॅनेलं सारखीच दिसतात. म्हणून नुसतं बघून 'चांगलं दिसतंय' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे रेंडर केलेला फोम, म्हणजेच पॉलिस्टायरीन. वरून गिलावा असल्यामुळे भिंत काँक्रीटची वाटते. बोटांनी ठोकून बघा, बहुतेक वेळा पोकळ आवाज येतो. ऊब टिकवायला हा फोम चांगला, पण तो पेटतो, आणि गिलाव्याला भेग पडली की पाणी आत शिरतं. व्हिक्टोरियाने फेब्रुवारी 2021पासून बहुमजली इमारतींच्या नव्या कामांत हे दोन्ही प्रकार वापरण्यावर बंदी घातली आहे: प्लॅस्टिकच्या गाभ्याची पॅनेलं आणि रेंडर केलेला फोम.

मग चांगलं काय? वीट जळत नाही, रंग मागत नाही, भाडेकरूच्या हातून सहसा बिघडत नाही. ब्रिक व्हिनियर घरात मात्र विटांचा थर फक्त बाहेरून असतो, आतला सांगाडा बहुधा लाकडी. तळाशी विटांमध्ये ज्या उभ्या फटी दिसतात, त्या आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या सिमेंटने बुजवू नका, आणि भाडेकरूला तिथे मातीचा ढीग लावून वाफा करू देऊ नका. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात.

फायबर सिमेंटही जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण सांध्यांची आणि रंगाची निगा लागते. घर 1990च्या आधीचं असेल, तर 'फायब्रो'मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू नका, घासू नका, भोक पाडू नका. आधी तपासणी करून घ्या. लाकडी वेदरबोर्ड दिसतात सुरेख, पण दर काही वर्षांनी रंग मागतात. समुद्राजवळ स्टीलचे पत्रे घेणार असाल, तर खाऱ्या हवेसाठीचाच प्रकार निवडा. आणि बुशफायरच्या भागात जागेची बीएएल पातळी आधी पाहा, रंग नंतर.

आता पैशांचा हिशेब. भाड्याच्या बहुमजली इमारतीत खरा खर्च रंगाच्या डब्यात नसतो, तो मचाण बांधण्यात असतो. त्यामुळे आज थोडं महाग पण कमी वेळा हात लावावा लागणारं मटेरियल पुढे स्वस्त पडतं. टॅक्सचंही लक्षात ठेवा: तुटलेला एखादा तुकडा बदलणं ही सहसा दुरुस्ती, ती त्याच वर्षी वजा होते. अख्खी भिंत नव्याने मढवणं हे भांडवली काम. त्याची वजावट साधारणपणे वर्षाला अडीच टक्के, 40 वर्षं. आपल्या अकाउंटंटला काम सुरू होण्याआधी विचारा.

फ्लॅट असेल तर आणखी एक गोष्ट. बाहेरची भिंत बहुधा सामाईक मालमत्ता असते. ती एकटे तुम्ही बदलू शकत नाही, पण बदलायची वेळ आली की खर्चाचा वाटा तुमच्याही माथी येतो. व्हिक्टोरियाने 2019मध्ये सर्वाधिक धोक्याच्या इमारतींसाठी 60 कोटी डॉलरची योजना जाहीर केली. न्यू साउथ वेल्सच्या योजनेत मालकांना 10 वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळालं. व्याज माफ, मुद्दल मात्र मालकांचंच.

लॅक्रॉसच्या दाव्यात 2019मध्ये व्हिक्टोरियाच्या व्हीकॅट न्यायाधिकरणाने मालकांना 57 लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. जबाबदारीचे वाटे पडले ते असे: फायर इंजिनीअर 39 टक्के, बिल्डिंग सर्व्हेअर 33, आर्किटेक्ट 25 आणि सिगारेट ओढणारा फक्त 3. ठिणगी एकाची होती, पण तिला जळण पुरवणारे सही-शिक्क्याचे लोक होते. आणि हा निकाल यायला चार वर्षांहून अधिक काळ गेला.

म्हणून फ्लॅट घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. क्लॅडिंगचं नेमकं उत्पादन कोणतं आणि त्याचा गाभा कशाचा? सरकारने किंवा कौन्सिलने इमारतीला नोटीस दिली आहे का? गेल्या तीन वर्षांच्या बैठकांच्या इतिवृत्तात क्लॅडिंग, गळती किंवा विशेष वर्गणी हे शब्द आले आहेत का? व्हिक्टोरियात ओनर्स कॉर्पोरेशनचं सर्टिफिकेट आणि न्यू साउथ वेल्समध्ये स्ट्रेटा रिपोर्ट वाचल्याशिवाय सही करू नका. एजंट 'सगळं ठीक आहे' म्हणाला, तर तेच लेखी मागा.

आणि जे भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी: आपल्या इमारतीबद्दल मॅनेजरला विचारण्याचा संकोच नको. दिवाळीत बाल्कनीत पणत्या मांडताना एकदा मागच्या भिंतीकडे बघा. शंका असेल तर पणती आत देवासमोर लावा आणि बाल्कनीत बॅटरीवरचे दिवे. लक्ष्मी तेवढ्याने रुसणार नाही.