जीपगाडीचे डिझेल कोठे खर्ची पडते?

बाजारपेठेत माल नेण्यासाठी पुष्कळ शेतकरी जीपगाडी किंवा त्याच घडणीची उंच गाडी बाळगतात. तिला टपावरील कॅरियर, लोखंडी बंपर, रुंद टायर असे जोड देण्याची हौसही वाढली आहे. या जोडांची किंमत दुकानात एकदाच द्यावी लागते. डिझेलच्या रूपाने मात्र ती रोज मोजावी लागते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो चौपट होतो. टपावरील कॅरियरमुळे त्यात आणखी भर पडते. म्हणून काम नसताना तो उतरवून ठेवावा. बंपरचे वजन प्रत्येक चढावर इंजिनास ओढावे लागते. खोल नक्षीचे टायर चिखलात उपयोगी पडतात, परंतु डांबरी रस्त्यावर अधिक शक्ती खातात. हवा कमी असलेल्या टायरचेही तसेच होते.

गाडी हळूहळू वेगात आणावी व पुढील अडथळा पाहून वेग आधीच कमी करावा. वारंवार ब्रेक दाबणे म्हणजे जाळलेले डिझेल वाया घालविणे होय. माल भरताना इंजिन बंद ठेवावे.

जोड देण्यापूर्वी व नंतर खर्च मोजून पाहावा. टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहावा. पुन्हा टाकी भरताना ४८० किलोमीटरांस ४० लिटर लागले, तर लिटरला १२ किलोमीटर पडले. टायरचा घेर वाढविला असल्यास मीटर प्रत्यक्षाहून कमी अंतर दाखवितो, हे ध्यानात ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही नोंद शेतकऱ्यांस करून दाखवावी.